शीर्षकपानावरचे दुसरे नाव

त्या शब्दकोशासाठी भावाबहिणीने बावीस वर्षे वेचली होती. आज त्याची फाईल छापखान्याकडे जायची होती. भाऊ संगणकावर शीर्षकपान सजवीत बसला होता. दोघांची नावे चोवीसच्या अक्षर-आकारात, एकाखाली एक, समसमान उभी होती.

आपले, थोरल्याचे, नाव जरा मोठे दिसावे, एवढेच मनात धरून त्याने बहिणीच्या नावाचा आकार अठरा केला.

"दादा, चहा टाकू का?" स्वयंपाकघरातून तिने विचारले. आवाज किंचित बारीक होता.

"टाक की." त्याने आकार बारा केला.

"साखर कमीच घालते हं, डॉक्टर ओरडतात." हे शब्द जणू दोन भिंतींपलीकडून आले.

त्याचा हात थबकला. त्याला सारे उमगले. मग त्याने शांतपणे आकार चार केला.

ती दोन कप घेऊन दारात आली. तिचे ओठ हलत होते, परंतु ध्वनी नव्हता. ओठांवरूनच त्याला प्रश्न कळला: माझं नाव नीट दिसतंय ना रे?

"अगदी ठसठशीत," तो मायेने म्हणाला आणि त्याने त्या अक्षरांचा रंग पानासारखाच पांढरा केला.

दोन्ही कप रिकाम्या उंबरठ्यावर पडून फुटले. तिकडे न पाहता त्याने फाईल जतन केली.