वसुलीचा फोन

फोन वाजला तेव्हा तिच्या हातात एका निवृत्त हेडमास्तरांची वरची कवळी होती. एरवी असा फोन आला की ती तो प्लास्टरच्या पोत्यात खुपसायची आणि वाजून वाजून दमेपर्यंत दात घासत बसायची, म्हणजे लोकांचे. आज तिने हात पुसले आणि फोन उचलला. 'कर्जमुक्त काकां'नी तसंच लिहिलं होतं.

काकांचा ब्लॉग तिला आठ दिवसांपूर्वी सापडला होता. तिच्या डोक्यावर तीन कर्जं होती. मोबाइलचं, स्कूटरचं आणि कवळ्यांना चकाकी देणाऱ्या मशीनचं. तिन्ही एकाच फायनान्स कंपनीची. हप्ते थकले तसं तिचं नवऱ्याशी बोलणं कमी झालं. मशीन उचलून नेलं तर धंदाच बसणार होता. काकांनी लिहिलं होतं : सगळ्यात लहान कर्ज आधी संपवा. वसुलीचा फोन टाळू नका. समोरचा माणूस पगारी आहे. त्याला एका फोनला चार मिनिटं मिळतात, पाचव्या मिनिटाला त्याच्या स्क्रीनवर लाल पट्टी येते. त्याला जेवलात का म्हणून विचारा.

"मॅडम, हप्ता कधी भरताय?" पलीकडे एक बाई होती. आवाज चिरका, बसलेला. तिन्ही कर्जांची थकबाकी वाचून दाखवण्यातच तिची चार मिनिटं संपत आली.

"मोबाइलचा शुक्रवारी भरते. तुम्ही जेवलात का?"

"नाही अजून," वसुलीवाली म्हणाली. मग घाईघाईने, "लाल पट्टी आली. ठेवते."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिचाच फोन. हप्त्याचं बोलणं अर्ध्या मिनिटात उरकून वसुलीवालीने आवाज खाली आणला. "काल तुम्ही म्हणालात, आधी मोबाइलचा. ते का हो? व्याज तर स्कूटरला जास्त असेल."

"लहान कर्ज संपलं की माणसाला हुरूप येतो. एका ब्लॉगवर वाचलंय."

"माझं टीव्हीचं आहे," वसुलीवाली म्हणाली. "आणि सोफ्याचं. आमच्याच कंपनीचं. स्टाफला अर्धा टक्का सूट देतात."

तिथून ते सुरू झालं. ऑफिसात कंपनीने इंटरनेट बंद ठेवलेलं आणि स्वतःचे मोबाइल दाराशी जमा करून घेतलेले. वसुलीवाल्यांना फोन लावण्यापलीकडे काही करता यायचं नाही. म्हणून ते फोन लावायचे. रोज अकरा वाजता ती मोबाइल मेणाच्या वाटीला टेकवून ठेवायची, कवळीत एकेक दात बसवायची आणि काकांचा एक लेख मोठ्याने वाचायची. पट्टी लाल झाली की फोन बंद व्हायचा आणि शेजारच्या टेबलावरून दुसऱ्याचा यायचा. पुढचा परिच्छेद त्याला. पाच टेबलं होती, त्यामुळे लेख पुरा व्हायचा. एका जाड आवाजाच्या गृहस्थांना शंका फार. "क्रेडिट कार्ड कापा लिहिलंय, ते कात्रीनेच कापायचं का?" ते विचारायचे. ती म्हणायची, "साहेब, कशानेही कापा, पण पाकिटातून बाहेर काढा आधी."

दर फोनची नोंद व्हायची : ग्राहकाशी चर्चा सुरू.

चौथ्या महिन्यात मोबाइलचं कर्ज फिटलं. आता स्कूटर आणि मशीन दोन्हींचे हप्ते वेळेवर भरते, असं तिने अभिमानाने सांगितलं. पलीकडे कोणालाच आनंद झाला नाही.

"असं करू नका, मॅडम," वसुलीवाली काकुळतीला आली. "थकबाकी संपली की तुमचं नाव यादीतून जाईल. मग आम्ही फोन कुठल्या तोंडाने करायचा? मशीनचा हप्ता दर महिन्याला थोडा मागे ठेवा. दंड आम्ही वर्गणी काढून भरतो."

ते खरोखरच भरू लागले. दर महिन्याला दंड पडायचा आणि त्याच दिवशी वसुली खात्यातले पाच जण तो भरून टाकायचे.

दीड वर्षात स्कूटरही मोकळी झाली. त्या दिवशी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं, अगदी पहिल्या आकड्यापासून. त्याने सगळे आकडे कागदावर लिहून बेरीज केली. मग म्हणाला, "मला वाटायचं, तू माझ्यावर रागावलीयस."

आणि एका सोमवारी अकराला फोन आला नाही. मंगळवारीही नाही. तिचं कामात लक्ष लागेना. एका वकिलीणबाईंचे पुढचे दोन दात तिने उलटसुलट बसवले. बुधवारी फोन वाजला तसा तिने झडप घालून उचलला.

आवाज नवा होता. पुरुषाचा. "मी वसुली खात्याचा मॅनेजर बोलतोय. मॅडम, माझ्या माणसांना तुम्ही शिकवलंत तरी काय?"

"का? त्यांची कर्जं फिटली का?"

"फिटली. पाचही जणांची. आणि सोमवारी पाचही जणांनी राजीनामे दिले. बाराशे थकबाकीदार आहेत आणि फोन लावायला मी एकटा."

ती मागे हटली नाही. "हे बघा, राजीनामा द्या असं मी कोणाला सांगितलेलं नाही. मी फक्त वाचून दाखवते. सतराव्या लेखात आहे ते. कर्जाच्या धाकाने धरलेली नोकरी कर्ज फिटल्यावर एक दिवसही करू नका, असं. तुमची तक्रार असेल तर ज्याने लिहिलंय त्याच्याकडे करा."

पलीकडच्या रिकाम्या खोलीत पंखा फिरत असल्याचं तेवढं ऐकू येत होतं.

"मॅडम," मॅनेजर म्हणाले, "तो लेख मी माझ्यासाठी लिहिला होता."