दोन तांबे

श्रद्धेपुढे विज्ञान हरतं म्हणतात. टेंभुर्णीतल्या मिश्रीलालशेठच्या वीस वर्षं जुन्या मोटारीपुढे दोन्ही हरली होती. सकाळी ती सुरू व्हायची नाही, दुपारी बिनतक्रार पळायची. मेकॅनिक कल्याणने पंप, इंजेक्टर, तापमानाचा सेन्सर, सगळं बदललं. "उद्या न्हाई चालली तर भंगारात," शेठ म्हणाले. कल्याण पहाटेच येऊन अंगणात बसला. तेवढ्यात शेठच्या पत्नी जमनाबाई पाण्याचे दोन तांबे घेऊन आल्या आणि बॉनेट उघडून त्यांनी इंजिनावर पाणी ओतलं. "काकी, हे काय करून राह्यल्या?" "अभिषेक. आधी एकच तांब्या घालायचे, बिघडल्यापासून दोन." कल्याणने प्लगच्या ओल्या वायरी पुसल्या. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. "पावला देव!" जमनाबाईंनी हात जोडले. कल्याणने शेठना बाजूला घेऊन कारण सांगितलं. शेठनी हात जोडलेल्या बायकोकडे पाहिलं. "मंग हे तिला सांगावं कुणी?" सोमवारी गाडी भंगारात गेली.