निघणं वेगळं, जाणं वेगळं

"आजी बाहेर येत नाहीत म्हणतात," दुभाष्याने सांगितलं. सकाळपासून तिसऱ्यांदा.

गल्लीच्या तोंडाशी पाडकामाचं यंत्र घरघरत उभं होतं. भूकंपाने ते घर डावीकडे कललं होतं. आत, बरोबर तडकलेल्या तुळईखाली, खुर्ची टाकून आजी बसल्या होत्या. पहाटेपासून जमीन दोनदा हलली होती. इंजिनिअर तुळईबद्दल हळू आवाजात बोलत होता, अतिदक्षता विभागाबाहेर बोलतात तसा.

"अजून एक धक्का. फार तर दोन."

दूरदेशाहून या परक्या गावात बांधकामाला आलेल्या चाळीस मराठी स्वयंसेवकांच्या प्रमुख बाईंना सगळे यादीबाई म्हणत. माणसं, फावडी, औषधं, रुसवे, सगळं त्यांच्या यादीत असे. या घरापुढे मात्र चार दिवस एकच नोंद होती : 'पाडणे. आजी आत.'

"उचलून आणू या की," एक दणकट स्वयंसेवक म्हणाला.

"चौघं आत गेलात तर तुळई तुमच्या आधी खाली येईल," इंजिनिअर म्हणाला. "जायचंच तर एकाने. तेही पाय न आपटता."

यादीबाई दुभाष्यावर उखडल्या. हा गृहस्थ याच गावचा. पूर्वी जहाजावर आचारी होता आणि मराठी खलाशांच्या संगतीत मराठी शिकला होता. त्यामुळे त्याच्या शिव्या अस्खलित होत्या आणि बाकीचं जेमतेम.

"अहो, तुम्ही त्यांना नीट सांगताय ना, घर पडणारंय म्हणून?"

"सांगतो ना बाई. ती म्हणते, माहीत आहे. पण पाहुणी यायची आहे. मी कशी उठू?"

"कोण पाहुणी?"

"तुम्ही."

"मी?"

"रोज परत जाताना दारातून तुम्ही काय बोलता? 'येते हं आजी.' मी तेच सांगितलं. बाई येते. चार दिवस वाट बघते ती."

यादीबाईंचं तोंड उघडं राहिलं. निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे त्यांना आईने लहानपणी शिकवलं होतं, धपाट्यासकट. त्या संस्कारांपायी आज एक म्हातारी तुळईखाली बसली होती.

"अहो, मग सांगा तिला! तसं नुसतं म्हणायचं असतं! येतं कोण?"

"आता सांगू? चार दिवसांनी? आधी मला मारेल, मग..."

वाक्य पुरं झालं नाही. पायाखालून थरथर गेली. तुळईतून मूठभर माती आजींच्या केसांवर सांडली. आजींनी ती झटकली आणि पुन्हा दाराकडे बघत राहिल्या.

यादीबाईंनी यादी इंजिनिअरच्या हातात दिली. ते पाहिल्यावर स्वयंसेवक खरे घाबरले. बाई उंबऱ्याशी थांबल्या आणि सवयीने बूट काढले. इंजिनिअरने डोळे मिटून घेतले.

आत दुसरी एक खुर्ची होती, लख्ख पुसलेली. बाई तिच्यावर टेकल्या. दुभाष्या दारातूनच, एक पाय बाहेर ठेवून, भाषांतर करू लागला. आजींनी पाणी दिलं. खिडकी दाखवली, कपाट दाखवलं, पावसात कुठे गळायचं ती जागा दाखवली. तिथून आता आभाळ दिसत होतं. बाई एक डोळा तुळईवर ठेवून 'हो का', 'अगंबाई' म्हणत होत्या. पाणी निम्मं साडीऐवजी घातलेल्या जाड पँटवर सांडलं.

मग त्या उठल्या. 'येते' हा शब्द ओठांवर आला होता, तो कसाबसा गिळला. आजीही उठल्या. पाहुणी निघाली की घरचं माणूस दारापर्यंत येतं, याला दुभाष्या लागत नाही.

दारात पोचल्यावर यादीबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्या माणसांना एक विद्या उपजत येते. आपल्यात निघणं वेगळं आणि जाणं वेगळं. अर्धा तास दारात, पाव तास जिन्यात, आणि फाटकाशी सगळं पुन्हा पहिल्यापासून.

बाई बोलू लागल्या आणि मागे सरकू लागल्या. आजींचे गुडघे कसे आहेत? एक पाऊल. सांभाळायचं बरं का, थंडी फार आहे. दोन पावलं. सूनबाई काय म्हणतात? आजींना सून होती की नाही, देव जाणे. आजी उत्तर देत एकेक पाऊल पुढे येत होत्या. मध्ये एकदा त्या वळून घराकडे बघू लागल्या. बाईंनी घाईघाईने स्वतःच्या पित्ताचा विषय काढला. दुभाष्या घामाघूम झाला. पित्ताला त्यांच्या भाषेत काय म्हणतात ते त्याला सुचेना, त्याने काहीतरी भयंकर सांगितलं असावं. आजी कळवळल्या आणि चार पावलं एकदम पुढे आल्या.

दोघी यंत्राच्या पलीकडे पोचल्या तेव्हा जमीन हलली.

आवाज फार मोठा झाला नाही. तुळई आली, मग छप्पर, मग धूळ. धूळ बसल्यावर तिथे घर नव्हतं. यादीबाई नुसत्या मोज्यांवर उभ्या होत्या. आजींचा हात त्यांनी घट्ट धरला होता.

"माफ करा आजी," त्या म्हणाल्या. "आमच्यात जाणारं माणूसच 'येते' म्हणतं. त्याने तुमचा गैरसमज झाला, आणि चार दिवस जिवाशी खेळ झाला."

दुभाष्याने सांगितलं. आजींनी तोंडावरची धूळ पुसली आणि सावकाश काहीतरी म्हणाल्या. दुभाष्या डोकं खाजवू लागला.

"अहो, काय म्हणतात?"

"म्हणतात, ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. पण चाळीस जणांनी माझं घर दारातूनच मोजलं. पाडायच्या आधी एकाने तरी आत येऊन बसायला नको?"