झिपऱ्या अळंबीचा गुण

सुमिएने कॅप्सूल उघडली, आतली अळंबीची पूड स्वतःच्या तोंडात टाकली आणि रिकाम्या कॅप्सूलमध्ये भाजलेल्या सोयाबीनचं पीठ भरून ती नवऱ्याच्या, इसाओच्या, ताटलीत ठेवली.

पांढऱ्या झिपऱ्या अळंबीच्या या महागड्या कॅप्सूल लेकीने, चिएकोने, तोक्योहून पाठवल्या होत्या. पंच्याहत्तरी उलटली की लायसन्ससाठी स्मरणशक्तीची परीक्षा द्यावी लागते. बाबांना सगळं आठवावं, ते पास व्हावेत, हा लेकीचा हेतू.

सुमिएला तो नापास व्हायला हवा होता. वसंतात इसाओने बागेतली सफरचंदं बाजारात न्यायचा ट्रक वेशीवरच्या दगडी जिझोदेवाच्या मूर्तीला घासला. देवाचं नाक गेलं, म्हणून माणसाचं वाचलं. तेव्हापासून ट्रक अंगणातून हलला की तिचा जीव टांगणीला लागे. पण "अहो, चालवू नका" म्हटलं की घरात महाभारत! पूडही फेकून देववेना, एवढी महाग; म्हणून ती स्वतःच खाई. तिला स्वतःला सायकलसुद्धा धड येत नसे.

"बाबा रोज घेतात ना गं?" चिएको फोनवर विचारी.

"अगदी माझ्या डोळ्यांदेखत."

परीक्षेत चित्रं बघून लक्षात ठेवायची असत, म्हणून रात्री इसाओ तिला सरावाची चित्रं धरायला लावी. ढोल, कोंबडा, करवत. तो अडखळला की सुमिएला बरं वाटे, आणि बरं वाटल्याची लाजही वाटे.

परीक्षेच्या दिवशी तो कोट घालून ट्रकने ड्रायव्हिंग स्कूलला गेला. परीक्षा तिथेच असते. संध्याकाळी ट्रकचा आवाज न येताच दार सरकलं.

"पास!" इसाओ बूट काढत ओरडला. "एकही चित्र सुटलं नाही!"

सुमिए लगबगीने दाराशी आली. "मग आता परत ट्रक..."

"छे! ट्रक तिथेच ठेवला, लायसन्स पोलिसांकडे जमा केलं आणि बसने आलो."

"अहो, पास होऊन?"

"नापास होऊन दिलं असतं, तर गाव म्हणालं असतं म्हातारा चळला. आणि त्या नाकापासून मलाच धीर नव्हता गं."

सुमिए रडली, हसली, आणि त्याच्या वाटीत आग्रहाने आणखी सूप ओतलं. आनंदाच्या भरात तिला ट्रक आठवला.

"मग सफरचंदं बाजारात कोण नेणार?"

इसाओने कोटाच्या खिशातून ड्रायव्हिंग स्कूलची पावती काढून तिच्यापुढे सरकवली. वर सुमिएचं नाव होतं.

"सोमवारपासून तुझा वर्ग. अगं, नुसत्या सोयाबीनच्या पिठावर मी पास झालो. तू तर महिनाभर अळंबी खाल्लीयस."