मातेचं तोंड बँकांकडे

चाळीस वर्षं बाबांनी मिलानच्या कॅथेड्रलच्या शिखरावरची सोनेरी मेरीमाता पुसली. आता अंथरुणाला खिळल्यावर खिडकीतून तिला बघायचे, तर नवा टॉवर आडवा आला; त्याची क्रेन चालवणारा त्यांचाच मुलगा इवानो. "मातेला झाकलंस, नालायका." "शहरातल्या सर्वांत उंच इमारतीवर तिची तशीच दुसरी मूर्ती बसवायची रीतच आहे, बाबा. उद्या मीच चढवतोय." "तोंड कुणीकडे?" "बँकांकडे." "म्हणजे मला पाठ. मरताना तरी तोंड दाखव म्हणावं." दुसऱ्या दिवशी आकड्याला लटकलेली मूर्ती इवानोनं सावकाश घराच्या खिडकीकडे वळवली आणि तशीच धरली. "झोपलास काय?" मुकादम ओरडला. "वारा आहे," इवानो म्हणाला. पानही हलत नव्हतं. मूर्ती बसवून उतरताच आईचा फोन आला. "बाबा गेले रे." "तिला बघितलं का?" "कुणाला? समोर काहीतरी लखलखलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ऊन टोचत असेल म्हणून मी पडदा ओढला."