न वाळलेला तुकडा

रिसोडजवळच्या वीटभट्टीवर भंगार गाड्यांचं रबर जळणाला यायचं. ग्यानबा ते तोडायचा. त्याची बायको विमलबाई चिखल धुऊन तुकडे उन्हात पसरायची. ओलं रबर भट्टीला चालत नसे.

त्या दिवशी गावातल्या बबनरावांची जुनी जीप भंगारात आली. तापाने फणफणलेल्या लेकीला दवाखान्यात न्यायला ग्यानबाने हीच जीप मागितली होती.

"माह्या गाडीले तुमचे पाय नाई लागू देत मी," म्हणत बबनरावांनी त्याला हाकललं होतं. पोर घरातच दगावली.

भर उन्हात सगळे तुकडे वाळले. जीपमधल्या पायाखालच्या रबराचा एकच तुकडा ओला राहिला. त्यावर इवलंसं डावं पाऊल होतं, करंगळी त्यांच्या लेकीसारखीच वाकडी. ग्यानबाने पुसलं, तरी ते पुन्हा उमटलं.

"आपली पोर त जीपमंदी चढलीच नव्हती जी," विमलबाई पुटपुटली.

तिच्या डोळ्यांदेखत, तिच्या दिशेने पुढच्या कोरड्या तुकड्यावर ओलं उजवं पाऊल उमटलं.