पोळ्याला रंगवलेली गिटार

"रंग ओला हाय, हात नको लावू," रामकिसन म्हणाला, तरी ओट्यावर उन्हात ठेवलेली ती वस्तू आपली गिटार आहे, हे बद्रीनाथला पटेना.

पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला निळा ऑइल पेंट थोरल्या भावानं हौसेनं तिला फासला होता. तारा काढून खुंटीला टांगल्या होत्या.

"दादा, हे काय केलं?"

"चार दिवसांनी जालन्याला जायचं ना तुला? असलं टवके उडालेलं लाकूड घेऊन बसला, तर घराची काय इज्जत राह्यली?"

 पण आई-बापामागं ज्यानं वाढवलं, त्याला बोलायचं कोणत्या तोंडानं? "झकास झाली," तो म्हणाला.

ती गिटार त्यानं जुन्या जालन्यातल्या भंगारवाल्याकडून मातीमोल भावात उचलली होती. साधी प्लायवूडची, पॉलिश उडालेली. पण वर्षानुवर्षं सुकलेलं ते लाकूड असं घुमायचं, की नवीन जालन्याच्या दुकानातल्या चकचकीत गिटारी तिच्यापुढं नुसते डबे. बद्रीचा हात खरं तर बेताचाच. गोडवा सगळा त्या लाकडाचा. मंठ्याच्या एका लग्नात ऑर्केस्ट्रावाल्या शिवाजी मास्तरांनी ती ऐकली आणि म्हणाले, "पोळा झाला की जालन्याला या. आवाज असाच भरला, तर पार्टीत घेतलंच समजा." नांगर सुटणार या आनंदात बद्रीला झोप येईना.

निघेपर्यंत रंग चिकटच राहिला. तारा जालन्यात पोचल्यावरच चढवल्या. गिटार जड लागत होती. रंगाचं वजन, दुसरं काय?

मास्तरांसमोर त्यानं तारा छेडल्या. भिजल्या घोंगडीवर काठी मारावी तसा आवाज आला.

"हीच का ती?" मास्तरांनी विचारलं आणि बाजूला बसलेल्या दुसऱ्या वादकाला पुढं बोलावलं.

परतीच्या एसटीत बद्री तोंड लपवून रडला. पण दादाला कळू द्यायचं नाही, हे त्यानं पक्कं केलं. बिचाऱ्यानं मायेनं रंगवली, त्याच्या जिवाला घोर कशाला?

"माझीच बोटं चुकली, दादा," घरी आल्यावर तो म्हणाला.

"जाऊ दे. घरचं वावर हाय की," रामकिसन त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला. बद्रीला भरून आलं. असा भाऊ मिळायला नशीब लागतं.

संध्याकाळी तो बैलांना वैरण टाकायला निघाला. गोठ्यात पुष्पावहिनी दादाशी बोलत होती.

"मंग आता भाऊजी कुठं जायचे न्हाईत ना? पगारी गडी न्हाई ना लावावा लागायचा?"

"बिलकुल न्हाई. रंग देऊन बोटानं वाजवून पाह्यलं, तरी घुमूनच राह्यल्ती. मंग भोकातून हात घालून आतून शेणमाती लिपली, तव्हा कुठं मुकी झाली."